‘अमरावती’ला 21 बाइट लागतात

बडनेरा, शेगाव, अकोल्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून पुण्या-मुंबईला गेलेली आपली कितीतरी पोरं-पोरी बँक-विम्याच्या मेनफ्रेम प्रोजेक्टवर काम करतात. लिनक्सवरची फिक्स्ड-लेंग्थ फाइल मेनफ्रेमवर चढवणं हे त्यांच्या रोजच्या कामांपैकी एक. ‘एफटीपी लावला की झालं’ असं सांगितलं जातं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

‘बायनरी मोडमध्ये फाइल जशीच्या तशी जाते’ हा सगळ्यात पक्का गैरसमज. बाइट तसेच जातात, हे खरं. पण लिनक्सवर इंग्रजी ‘ए’ म्हणजे हेक्स 41, तर मेनफ्रेमच्या एब्सिडिक या कोडिंगमध्ये सी1. तिथला प्रोग्राम मजकूर एब्सिडिक समजूनच वाचतो. शिवाय तिथे रेकॉर्ड कुठे संपलं हे लांबीवरून ठरतं, न्यूलाइनवरून नाही. 80 बाइटच्या ओळीमागे एक न्यूलाइन राहिली, की पुढचं प्रत्येक रेकॉर्ड एकेक घर सरकत जातं.

मग मजकुराचं रूपांतर करणाऱ्या टेक्स्ट मोडमध्येच सगळं पाठवायचं? तेही नाही. पॅक्ड डेसिमलमध्ये अधिक 12345 ही रक्कम 12 34 5सी अशा तीन बाइटमध्ये बसते. टेक्स्ट मोड त्या 5सीला बॅकस्लॅश समजून बदलून टाकतो, ‘सी’मधलं अधिकचं चिन्ह हरवतं आणि कोबोल प्रोग्राम ‘सॉक सेव्हन’ ही डेटाची एरर देऊन पडतो. पॅक्ड आकडे असलेली फाइल मजकुराचं रूपांतर आधीच करून बायनरीत पाठवावी, नाहीतर आकडे साध्या अंकांत लिहून टेक्स्टमध्ये.

मराठी नावांची गोष्ट मात्र आपल्यालाच सांभाळावी लागते, कारण इंग्रजी डेटावर टेस्टिंग करणाऱ्याला ती दिसतच नाही. समजा, 80 बाइटच्या रेकॉर्डमध्ये गावाच्या नावाला 20 बाइट आहेत. अमरावतीचं इंग्रजी स्पेलिंग आठ बाइटमध्ये बसतं. देवनागरी ‘अमरावती’त काना, वेलांटी धरून सात चिन्हं, यूटीएफ-8मध्ये प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे 21. विसाव्या बाइटवर कापलं, की शेवटच्या वेलांटीचे ई0 ए5 एवढेच बाइट उरतात आणि 80 गळतो. त्या दोन बाइटचं कुठलंच अक्षर होत नाही. स्क्रिप्टने बाइटऐवजी चिन्हं मोजून 20पर्यंत स्पेस भरल्या, तर 80चं रेकॉर्ड अमरावतीसाठी 94 बाइटचं होतं, अकोल्यासाठी 90चं. नावाला लांबी ‘फिक्स्ड’, पण गावागणिक वेगळी! गावापुढची प्रत्येक फील्ड आपल्या जागेवरून ढळते.

यावरून ‘मेनफ्रेमला मराठी चालत नाही’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे. मेनफ्रेमच्या झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर युनिकोड चालतो. देवनागरीसाठी आयबीएमचं 1137 क्रमांकाचं एब्सिडिक कोडपेजही आहे, त्यात एका चिन्हाला एकच बाइट. कुठलं कोडिंग आणि किती बाइट, हे लेआउट ठरवतानाच दोन्ही बाजूंनी लिहून घ्यायला हवं.

बायनरीत पाठवण्याआधी फाइलच्या साइजला रेकॉर्डच्या लांबीने भागून बघावं; बाकी उरली तर फाइल पाठवूच नये. भाग गेला म्हणून निर्धास्तही राहू नये. अमरावती, अकोला, दर्यापूर अशी नावं असलेली छोटी टेस्ट फाइल चढवावी आणि मेनफ्रेमवरच्या आयएसपीएफ एडिटरमध्ये ‘हेक्स ऑन’ करून प्रत्येक फील्ड नेमकी कुठे सुरू होते ते डोळ्यांनी तपासावं.