टेबलावर उदगीरची लढाई : रंगवलेल्या सैनिकांचा खेळ, आणि भालकीकरांनी बसायचं कोणत्या बाजूला?

भालकी : लहान लहान सैनिक. उंची जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी. कुणाच्या हातात बंदूक, कुणी घोड्यावर, कुणी तोफेला बत्ती देतोय. मोठ्या टेबलावर टेकड्या, नाला, शेतं मांडलेली. दोन्ही बाजूंना दोन माणसं, हातात फुटपट्टी आणि फासा. लहान पोरांचा खेळ वाटावा असं हे दृश्य, पण खेळणारे पन्नाशीचेही असतात. इंग्लंड-अमेरिकेत याला 'वॉरगेमिंग' म्हणतात. आता इंटरनेटमुळं आपल्याकडच्या तरुणांनाही त्याची ओळख व्हायला लागली आहे. हा खेळ काय आहे, तो आपल्या भागात आपल्याच इतिहासावर कसा खेळता येईल आणि त्यातून काय हाती लागतं, ते या लेखात पाहू.

खेळ आला कुठून?

सैन्याची मांडणी पटावर करून डोकं चालवायची कल्पना आपल्याला नवी नाही. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांचं 'चतुरंग' भारतातलंच, आणि आजचं बुद्धिबळ त्याच्यापासून आलं. पण बुद्धिबळात नशिबाला जागा नसते. मैदान सपाट असतं आणि प्यादं कधी घाबरून पळत नाही. खरी लढाई तशी नसते.

ही उणीव प्रशियात भरून निघाली. 1812 साली राइसविट्झ नावाच्या गृहस्थानं तिथल्या राजाला एक युद्धखेळ दाखवला. त्याच्या मुलानं, जो लष्करात अधिकारी होता, 1824 मध्ये त्याचे पक्के नियम छापले. नकाशावर ठोकळे, चालीला वेळेचं बंधन, फाशावर ठरणारं नुकसान आणि मधे बसलेला पंच अशी त्याची रचना होती. प्रशियाच्या लष्करानं अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी हा खेळ उचलला.

घराघरांत तो नेला लेखक एच. जी. वेल्स यांनी. त्यांचं 'लिटल वॉर्स' हे पुस्तक 1913 मध्ये आलं. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेनं शिशाचे सैनिक पाडायचे, असा तो खेळ होता. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. युद्ध करायचंच असेल तर ते जमिनीवर बसून खेळण्यांनी करावं, असा वेल्स यांचा रोख होता. 1962 मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या 'वॉर गेम्स' या पुस्तकानं या छंदाला नवी पिढी दिली, आणि 1983 मध्ये आलेल्या 'वॉरहॅमर'नं राक्षस-जादूगारांच्या काल्पनिक फौजा टेबलावर आणल्या.

आपल्याकडं काय आहे?

पुणे-साताऱ्याकडं, कोल्हापूर-बेळगावात दिवाळीला पोरं मातीचा किल्ला करतात. त्यावर हळीव-मोहरी पेरून हिरवळ उगवतात. वर सिंहासनावर महाराज, बुरुजावर मावळे, दरवाजात तोफ. रंगवलेले छोटे सैनिक आणि हुबेहूब मांडलेलं मैदान, म्हणजे या छंदाची निम्मी तयारी तिथं झालेलीच असते. फक्त ते मावळे हलत नाहीत. समोर शत्रू नसतो, त्यामुळं कुणाला निर्णय घ्यावा लागत नाही.

मातीची चित्रं करण्यात आपणही मागं नाही. पोळ्याला मातीचे बैल होतात, कन्नड घरांत मण्णेत्तिन अमावास्येला होतात. बिदरचे कारागीर तर जस्त आणि तांब्याचा रस साच्यात ओतून बिदरीची भांडी घडवतात. धातूचे सैनिकही साच्यात रस ओतूनच होतात, फक्त तिथं धातू कथील-शिशाचा असतो. हात आहेत, माती आहे. राहिला प्रश्न लढाई कोणती मांडायची. त्यासाठी लांब जायला नको.

शेजारची लढाई

बिदरहून परळीकडं जाणाऱ्या रेल्वेत भालकी आणि कमलनगर गेलं की उदगीर येतं. आज मधे राज्याची हद्द आहे, पण 1956 पर्यंत उदगीर आणि भालकी एकाच बिदर जिल्ह्यात होते.

या उदगीर-औसा टापूत 3 फेब्रुवारी 1760 रोजी पेशव्यांच्या फौजेनं निजामाच्या फौजेचा पराभव केला. मराठ्यांकडून सदाशिवरावभाऊ होते, समोर सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली. निजामाची फौज सामानसुमान आणि तोफखाना घेऊन धारूरकडं निघाली होती, कारण तिकडं तिला कुमक मिळणार होती. मराठी घोडदळानं वाटेतच वेढलं, रसद तोडली, दमवलं आणि शेवटी मोडलं. तहात निजामाला साठ लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगडासारखे किल्ले सोडावे लागले.

भाऊंच्या बाजूला तोफा आणि कवायती पायदळ होतं इब्राहिमखान गारद्याचं. हा इब्राहिमखान फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीत तयार झालेला, आणि आधी निजामाच्याच चाकरीत होता. म्हणजे निजामानं ज्याला पोसलं तोच उदगीरला त्याच्यावर तोफा डागत होता.

मग भालकी कुणाकडं होती?

इथं आपल्या गावाचा संबंध येतो. संताजी-धनाजी या जोडीतले सेनापती धनाजी जाधव सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचा मुलगा चंद्रसेन. शाहू महाराजांच्या काळात त्याचं बाळाजी विश्वनाथांशी बिनसलं आणि तो निजामाकडं गेला. निजामानं त्याला जहागीर दिली, ती भालकीची. चंद्रसेनचा मुलगा रामचंद्र जाधव हाही निजामाचाच सरदार. 1757 मध्ये सिंदखेडला त्यालाच मराठी फौजेनं वेढलं होतं.

म्हणजे त्या काळात आपलं गाव निजामाच्या बाजूचं, आणि गावाचे जहागीरदार मात्र धनाजी जाधवांचे वारस. तिकडं पेशव्यांच्या तोफखान्यावर इब्राहिमखान. 'आपले' आणि 'त्यांचे' अशी सरळ रेघ ओढायला गेलं की ती भालकीतच तुटते.

सीमाभागात इतिहास हा बऱ्याचदा घोषणांपुरता उरतो. मराठीवाल्यांचा वेगळा, कन्नडवाल्यांचा वेगळा, दखनी बोलणाऱ्यांचा वेगळा. टेबलावर मात्र एक अडचण येते. निजामाच्या बाजूनं कुणाला तरी बसावंच लागतं. आणि बसलं की मनापासून खेळावं लागतं, नाहीतर खेळाला मजाच नाही.

खेळायचं कसं?

खाली दिलेले नियम सोपे करून मांडले आहेत. तुकड्यांचे आकडे खेळापुरते आहेत, ते इतिहासातले समजू नयेत.

*मैदान :* सहा बाय चार फुटांची जागा. टेबल नसेल तर सतरंजी चालेल. बारदानाचे तुकडे म्हणजे शेतं, निळी पट्टी म्हणजे नाला, चादरीखाली पुस्तकं ठेवली की टेकडी.

*सैनिक :* जगभर साधारण 28 मिलिमीटर किंवा 15 मिलिमीटर उंचीचे सैनिक वापरतात. सुरुवातीला मातीचे, प्लास्टिकचे, नाहीतर कागदावर काढून कापलेलेही चालतात. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर तीन-चार सैनिक चिकटवले की एक तुकडी झाली.

*फौजा :* निजामाकडं चार पायदळ, तीन घोडदळ, दोन तोफा आणि सामानाच्या तीन गाड्या. भाऊंकडं आठ घोडदळ, दोन गारदी, दोन तोफा. प्रत्येक तुकडीला चार 'दम'. दम संपले की तुकडी मैदानाबाहेर.

*चाल :* एकानं चालायचं, मग दुसऱ्यानं. दोघांची झाली की एक फेरी. घोडदळ 12 इंच, बाकी सगळे 6 इंच. ज्या फेरीत गोळीबार करायचा, त्या फेरीत तुकडी जागची हलणार नाही.

*मारा :* पायदळाची बंदूक 6 इंचांपर्यंत, तोफ 24 इंचांपर्यंत. फासा टाका. 5 किंवा 6 पडलं की समोरच्याचा एक दम गेला. तोफेला 12 इंचांच्या आत 4 पडलं तरी चालतं.

*हातघाई :* दोघांनी एकेक फासा टाकायचा. समोरून आलेल्या घोडदळाविरुद्ध पायदळाला 2 जास्त. बगलेतून किंवा पाठीमागून घातलेल्या घोडदळाला 2 जास्त. कमी पडेल त्याचा एक दम जातो आणि तो एक चाल मागं सरतो. बरोबरी झाली तर दोघांचा एकेक दम जातो.

*धीर :* दोनच दम उरले की प्रत्येक फेरीला फासा टाकायचा. 1 किंवा 2 आलं तर तुकडी एक चाल मागं पळते. बुद्धिबळातल्या प्याद्यात आणि माणसात फरक तो हाच.

*निकाल :* निजामाच्या गाड्या टेबलाच्या एका टोकाला, धारूर दुसऱ्या टोकाला. 15 फेऱ्यांत तीनपैकी दोन गाड्या पलीकडं गेल्या तर निजाम जिंकला, नाहीतर भाऊ.

रंगकाम

निम्मे लोक या छंदात खेळापेक्षा रंगासाठी येतात. आधी काळं किंवा राखाडी अस्तर द्यायचं. ते वाळलं की स्टेशनरीच्या दुकानातले ॲक्रिलिक रंग पाणी घालून पातळ हातानं लावायचे. जाड लावले तर नाक-डोळे बुजतात. मग तपकिरी पाणचट रंग सगळीकडं सोडायचा, तो खाचांत बसून सावली तयार करतो. शेवटी ब्रश जवळपास कोरडा करून फिकट रंग उंचवट्यांवर नुसता फिरवायचा. मराठी घोडदळाला एकसारखा गणवेश नव्हता, त्यामुळं प्रत्येक स्वाराचं पागोटं वेगळ्या रंगाचं केलं तरी चुकत नाही. भाऊंच्या फौजेसोबत जरीपटका मात्र हवाच.

जुने शिशाचे सैनिक मिळाले तर ते मुलांच्या हाती देऊ नका आणि कानशीनं घासू नका. शिशाची भुकटी पोटात गेली तर अपाय करते. आता बाजारात प्लास्टिकचे आणि शिसं नसलेल्या धातूचे सैनिक मिळतात.

निजामाच्या खुर्चीत बसल्यावर

पहिल्या डावात बहुतेकांना भाऊच व्हायचं असतं. पण खेळाची खरी शिकवण निजामाच्या खुर्चीत मिळते. तुमच्याकडं तोफा आहेत, पायदळ भक्कम आहे, समोरून कुणी अंगावर आलं तर तुम्ही भारी आहात. पण गाड्या सोडून जाता येत नाही. चालत राहावं तर मारा करता येत नाही, थांबून मारा करावा तर फेऱ्या संपतात. घोडदळ चारी बाजूंनी घिरट्या घालतंय, आणि बगल उघडी पडली की घुसतंय. आठव्या-नवव्या फेरीला हिशोब कळतो की दारूगोळ्यापेक्षा वेळ महाग आहे.

आता हीच स्थिती दुसऱ्या मैदानावर ठेवून पाहा. उदगीरनंतर एक वर्ष पुरं व्हायच्या आत, 14 जानेवारी 1761 रोजी, तेच सदाशिवरावभाऊ पानिपतावर उभे होते. तोच इब्राहिमखान, त्याच तोफा. पण या वेळी वेढा अब्दालीचा होता. रसद तुटलेली, सोबत बायका-मुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे आणि सामान. गोल बांधून, तोफा पुढं ठेवून बाहेर पडण्याखेरीज वाट उरली नव्हती. उदगीरला निजामाची जी अडचण भाऊंनी केली होती, तीच पानिपतावर त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आली. गारदी तिथंही जिवावर उदार होऊन लढले, पण दुपारनंतर फौज मोडली. इब्राहिमखान जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती लागला आणि मारला गेला.

पानिपतावर भाऊंचं काय चुकलं, यावर पारावर बसून तासभर बोलणारे आपल्याकडं गावोगावी आहेत. पण उदगीरचा डाव निजामाच्या बाजूनं एकदा खेळलेला माणूस 'भाऊंनी असं का नाही केलं' हे जरा जपून विचारतो, कारण थांबायचं की चालायचं हा पेच त्यानं स्वतः सोडवून बघितलेला असतो, आणि बऱ्याचदा तो त्याला सुटलेला नसतो.

शाळांनी करून पाहावं

यासाठी महागडे परदेशी सैनिक लागत नाहीत. माती, पुठ्ठा, रंग, सापशिडीतला फासा आणि दोन तास पुरेत. इतिहासाच्या शिक्षकांनी सातवी-आठवीच्या वर्गात एक शनिवार हा डाव मांडून बघावा. अट एकच, दुसऱ्या डावात बाजू बदलायची. ज्यानं पहिल्यांदा भाऊ केला त्यानं मग निजाम करायचा. कन्नड, मराठी, उर्दू अशा तिन्ही माध्यमांची पोरं एका टेबलाभोवती आली तर आणखी बरं. भालकीच्या मुलानं निजामाच्या बाजूला बसायला कचरू नये. आपल्या गावाचे जहागीरदार धनाजीरावांचे वारस होते, आणि तरी ते त्याच बाजूला बसले होते.