अवजारांची वंशावळ

चकली खाणाऱ्याला सोऱ्या लागत नाही. करणाऱ्याचे मात्र त्यावाचून चालत नाही. सॉफ्टवेअरमध्येही हाच भेद आहे. एखादी आज्ञावली चालवायला लागणारी सामग्री वेगळी आणि ती सोर्स कोडपासून तयार करायला लागणारी वेगळी. या दुसरीला ‘बिल्ड डिपेन्डन्सी’ म्हणतात. मी तिला घडणसामग्री म्हणतो. वापरणाऱ्याच्या नजरेआड राहणाऱ्या या सामग्रीवर आपला सारा विश्वास उभा आहे, असे माझे मत आहे.

इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला डेबियन हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प उदाहरण म्हणून घेऊ. तेथे प्रत्येक पॅकेजसोबत घडणसामग्रीची यादी द्यावी लागते. मग एक यंत्र कोऱ्या वातावरणात फक्त त्या यादीतल्या वस्तू मांडून पॅकेज घडवते. कंपायलरसारखी नित्याची अवजारे तेवढी गृहीत धरलेली असतात. यादीत एखादे नाव राहिले, तर परक्या स्वयंपाकघरात अडावे तसे काम तिथेच अडते.

पण यादीतल्या प्रत्येक वस्तूचीही स्वतःची यादी असते. देवनागरीचा ‘लोहित’ हा मुक्त फॉन्ट घडवायला फॉन्टफोर्ज लागते; फॉन्टफोर्जला सी भाषेचा कंपायलर लागतो; आणि जीसीसी हा कंपायलर घडवायला आधीचा एखादा कंपायलर हवाच. नव्या जातीच्या प्रोसेसरसाठी डेबियन उभे करताना हा पेच असा सोडवतात : पहिला कंपायलर दुसऱ्या यंत्रावर घडवतात, एकमेकांवाचून अडलेली पॅकेजे माहितीपत्रके व चाचण्या वगळून आधी कशीबशी उभी करतात, आणि मग सगळे नव्याने, पूर्ण घडवतात.

या वंशावळीतला पूर्वज दगाबाज असेल तर? केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले, की कंपायलरमध्ये लपवलेला चोरदरवाजा पिढ्यानपिढ्या उतरू शकतो आणि सोर्स कोडमध्ये त्याचा मागमूसही नसतो.

मार्च २०२४ मध्ये वेगळ्या वाटेने असाच घाला आला. एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या साधनाच्या घडणविधीत चोरदरवाजा पेरला गेला होता. तो विधी सुरू करणारी ओळ सार्वजनिक कोडसंग्रहात नव्हती, फक्त वितरणाच्या गाठोड्यात होती. आणि पॅकेज घडवले जात आहे, याची खात्री पटल्यावरच ती जागी होत असे. दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड यांनी खोदून पाहिले म्हणून तो सापडला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो तोवर पोचला नव्हता.

यावर दोन उपाय चालू आहेत. एक, दोघांनी स्वतंत्रपणे घडवलेले पॅकेज बिटागणिक सारखे निघते का, हे तपासणे. सगळ्यांच्या हाती तेच दूषित गाठोडे असेल, तर मात्र यातून काही कळत नाही. दुसरा, वंशावळीचे मूळच लहान करणे. ग्नू गिक्स प्रकल्पाने २०२३ मध्ये आपली बहुतेक घडण अवघ्या ३५७ बाइटांच्या आज्ञावलीपासून सुरू करून दाखवली. एवढी आज्ञावली माणूस बसल्या बैठकीला स्वतः तपासू शकतो.

मला या दुसऱ्या उपायाचे मोल अधिक वाटते. आपली अक्षरे, पत्रे, बँकेचे व्यवहार आज ज्या अवजारांतून जातात, त्यांचे मूळ कोणालातरी वाचता येणे ही फार मोठी मागणी नव्हे.