अंजिराचं झाड आणि चाळीस वर्षं

विदर्भातल्या नागभीडच्या पूर्वेची वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. त्याच गोदावरीच्या मुखाशी, नरसापूर भागात, विल्यम बोडेन आणि जॉर्ज बीअर हे मिशनरी कामाला लागले. इंग्लंडहून ते 1836 मध्ये निघाले होते. त्यांना आणणारे अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज येशूचं पुनरागमन जवळ आलंय असं मानत. त्यांच्याच ब्रदरन पंथातल्या जॉन नेल्सन डार्बींनी या आशेला क्रम लावला : विश्वासणारे वर उचलले जाणार, मग महासंकट, हर्मगिदोनची लढाई, शेवटी ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य.

1909 मध्ये अमेरिकेत सायरस स्कोफिल्ड यांचं बायबल निघालं. वर वचन, खाली डार्बींचाच क्रम सांगणाऱ्या त्यांच्या टिपा. एकाच पानावर असल्यामुळे टिपांनाही वचनाचं वजन आलं, असं मला वाटतं.

या क्रमात यहुद्यांचं स्वभूमीत परतणं कळीचं. त्यामुळे 14 मे 1948 ला इस्राएल स्थापन झालं तेव्हा अनेकांना भाकीत खरं होताना दिसलं. मत्तयातल्या दाखल्यातलं अंजिराचं झाड म्हणजे इस्राएल आणि तिथली ‘ही पिढी’ चाळीस वर्षांची धरली की हिशेब 1988 वर येतो. विश्वासणारे त्याच साली वर उचलले जातील याची एडगर व्हिसेनंट यांनी 88 कारणं छापली. साल सरलं. दानीएलातल्या पशूची दहा शिंगं म्हणजे युरोपचा सामायिक बाजार, असंही सांगितलं जाई; 1981 मध्ये ग्रीस दहावा सदस्य झाला, 1986 मध्ये सदस्य बारा झाले. भाकितं हुकली, वाचायची रीत मात्र टिकली.

सगळे ख्रिस्ती हा क्रम मानत नाहीत. कॅथलिक चर्चची किंवा 1970 मध्ये नागपुरातच स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची ही अधिकृत शिकवण नाही. पण अमेरिकेत तो मानणाऱ्या मतदारांचं बळ मोठं. 14 मे 2018 ला अमेरिकी दूतावास जेरुसलेमला गेला, तेव्हा रॉबर्ट जेफ्रेस आणि जॉन हॅगी या पास्टरांनी प्रार्थना केली. त्याच दिवशी गाझाच्या कुंपणापाशी पन्नासहून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले. ती बातमी भाकिताची खूण म्हणून वाचली की मेलेली माणसं नजरेआड होतात. मला हे फार लागतं.

बेथलेहेममध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारे पॅलेस्टिनी ख्रिस्तीही या क्रमात कुठे बसत नाहीत. डिसेंबर 2009 मध्ये त्यांच्या पुढाऱ्यांनी तिथूनच ‘कैरोस पॅलेस्टाइन’ हे निवेदन काढलं : आमच्यावरच्या अन्यायाला बायबलचा आधार देऊ नका.