नोटांना पेट्रोलचा वास

बिद्रीत गळीत हंगाम सुरू झाला की रस्ता आपला राहत नाही. दूधगंगा-वेदगंगा कारखान्याकडं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, एकेका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारे ऊस आणि वर कर्कश गाणी. त्या रांगेला ओलांडून पुढं जायचं म्हणजे देवाचं नाव घेऊनच. गेल्या हंगामात अशाच एका दुसऱ्या ट्रॉलीच्या चाकाशेजारी माझी स्कूटर खोकली. एकदा, दोनदा, आचका दिला आणि संपलंच. मागून हॉर्न, शेजारी चाक. कशी कडेला आले ते माझं मला माहीत.

दहा मिनिटं झाडाखाली उभी राहिले. सहज बटन दाबलं तर गाडी सुरू! जणू काही झालंच नव्हतं.

मैत्रिणींनो, मी एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. सकाळी गावातली दुकानं, दुपारनंतर मुदाळ तिट्ट्याकडं. या धंद्यात एक गोष्ट पक्की असते. ज्या दिवशी आपण दुकानात जात नाही, त्या दिवशीचे पन्नास रुपये दुसऱ्या दिवशी शंभर होऊन येत नाहीत. ते गेलेच. त्याबरोबर आपलं कमिशनही. त्यामुळं गाडी बंद म्हणजे मी बंद.

गाडी २००९ सालची, कार्बोरेटरची. एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सचा नियम आला आणि नव्या गाड्या इंजेक्शनच्या झाल्या. पण पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलेल्या माझ्यासारख्यांच्या गाड्या अजून गावोगाव आहेत.

गॅरेजला तीन खेपा झाल्या. पहिल्या वेळी प्लग बदलला. दुसऱ्या वेळी कार्बोरेटर साफ केला. प्रत्येक वेळी मेकॅनिक सीट उचलायचा, झाकण उघडून टाकीत डोकवायचा, "पेट्रोल हाय की" म्हणायचा, चौकापर्यंत एक चक्कर मारून यायचा आणि सांगायचा, "वहिनी, गाडी तर झकास चालतीय." आणि दोन दिवसांनी मी परत रस्त्यात उभी. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "कार्बोरेटरच बदलावा लागंल, पिस्टनचं पण बघून घेऊ. ह्या इथेनॉलच्या पेट्रोलनं जुन्या गाड्यांची वाट लावलीय." हिशेब साडेपाच हजारांचा. घरात सुरू झालं, "विकून टाक ती. चार दिवस मी सोडतो तुला." पिग्मी चार दिवसांची असती तर प्रश्नच नव्हता.

त्या रविवारी आत्या आली. माझी आत्या म्हणजे लूनावाली. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकनं लूना आणली आणि पुढं बऱ्याच वर्षांनी आत्यानं एक जुनी घेतली. पेट्रोलमध्ये मापानं ऑइल मिसळायचं, काळा पडलेला प्लग पॉलिश पेपरनं घासायचा, हे सगळं नऊवारीचा काष्टा सावरत ती करायची. तिनं स्कूटरकडं बघितलंसुद्धा नाही. चहा पीत मलाच विचारायला लागली.

"पटकन बंद पडती, का मरत मरत?"

"खोकते, आचके देते, मग बंद."

"म्हणजे करंटचं नसावं. करंट गेला तर बटन बंद केल्यागत एकदम गप हुतीया. ही उपाशी मरतीया. गार असताना का गरम झाल्यावर?"

"तीन-चार किलोमीटर गेल्यावर."

"टाकी भरलेली असताना का रिकामी असताना?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी पिग्मीचं पुस्तक काढलं. पेट्रोलचा खर्च मी त्याच्याच शेवटच्या पानावर लिहिते. तारखा जुळवल्या, तर गाडी बंद पडली ते बहुतेक दिवस पेट्रोल भरल्यानंतरचेच!

आत्या हसली. "आगं, तेलाच्या डब्याला आपण भोकं किती पाडतो?"

"दोन."

"का?"

एका भोकानं तेल नीट येत नाही म्हणून. तेल बाहेर यायचं तर तेवढी हवा आत जायला पाहिजे. स्कूटरची टाकीही तशीच. पेट्रोल नळीतून खाली कार्बोरेटरच्या वाटीत उतरतं. तिथं घरावरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसा एक तरंगता फ्लोट असतो, तो पाहिजे तेवढंच आत घेतो. पण वरून पेट्रोल उतरलं की त्याच्या जागी हवा यावी म्हणून झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकी आतून ओढून धरते, पेट्रोल खाली येईना होतं आणि इंजिन उपाशी मरतं. टाकी भरलेली असली की वर हवेची जागा थोडी, त्यामुळं ही ओढ लवकर धरते. रिकामी असली की उशिरा. उभी केली की कुठून ना कुठून हवा शिरते आणि दहा मिनिटांनी गाडी शहाणी होते.

आणि गॅरेजवाल्याला दोष का सापडला नाही? तो दर वेळी आधी झाकण उघडत होता ना! तिथंच गाडी दुरुस्त होत होती.

आम्ही सीट उचलली. आत्यानं झाकण फिरवलं आणि त्याच्या आतल्या बाजूनं एक पिशवीचा तुकडा काढून माझ्यापुढं धरला. "ह्यो कुणी घातला?"

मीच घातला होता. झाकणाचं रबर झिजलं होतं, डिकीत पेट्रोलचा वास यायचा. डिकीत माझी पैशांची पिशवी असते. पतसंस्थेतल्या कॅशिअरनं एकदा नोटा नाकाला लावून विचारलं होतं, "ताई, पिग्मी गोळा करता का पंप चालवता?" मला इतकी लाज वाटली, की त्याच संध्याकाळी प्लॅस्टिकचा तुकडा झाकणाखाली दाबून बसवला. वास बंद झाला, गाडीचा श्वासही. नवं झाकण घेतलं, ते साडेपाच हजारांपुढं चिल्लरच.

मेकॅनिकला दोष द्यावा असं मला वाटत नाही. मी त्याला "बंद पडते" एवढंच सांगत होते. डॉक्टरकडं जाऊन नुसतं "बरं नाही" म्हणण्यातला प्रकार. इथेनॉलचंही तसंच. फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल विकायला सुरुवात झाली, २०२५ पर्यंत ते देशभर पोचलं. आपल्या उसातूनही येतं ते. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर त्यानं खराब होऊ शकतात, आणि कार्बोरेटर काही इंजेक्शनसारखं आपणहून माप बदलत नाही. म्हणून गाडी महिना-महिना उभी ठेवू नये, नळ्या अधूनमधून बघाव्यात. पण दर दुखण्याला एकच कारण चिकटवलं की खरं कारण झाकणाखालीच राहतं.

आत्यानं त्या दिवशी प्लग काढून मला रंग वाचायला शिकवलं. इंजिन गार असताना, बरं का, आणि पेट्रोलचं झाकण घट्ट लावून. टोक फिकट तपकिरी, विटकरीसारखं असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. अशा वेळी आधी एअर फिल्टर बघावा. हंगामातल्या धुळीनं माझा तर गोधडीसारखा भरला होता. चोक ओढलेला राहिला तरी हेच होतं आणि अॅव्हरेज पडतं. काळं आणि तेलकट असेल तर ऑइल जळतंय, तिथं आपलं काम नाही, गॅरेज गाठावं. पांढरट पडलं असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर पैसे तिन्हींचे जातात आणि दोष कशात होता ते कळत नाही.

नंतर गॅरेजला जाऊन मी तो पिशवीचा तुकडा दाखवला. मेकॅनिक डोक्याला हात लावून हसला आणि चहा मागवला.

मागच्या आठवड्यात शेजारच्या वहिनी आल्या. त्यांचीही जुनीच गाडी, दोन महिने पडवीत उभी होती. "चोक ओढला की चालते, चोक आत ढकलला की लगेच मरते. गॅरेजवाला इंजिन खोलतो म्हणतोय."

"प्लग बघितला का?"

"पांढरट आहे."

"रेस दिल्यावर चालते का?"

"चालते की."

मग बहुधा हळू चालायचं जेट तुंबलं असणार, मी म्हटलं. उभ्या गाडीत पेट्रोल सुकून त्याच्या बारीक भोकात खळ धरते. कार्बोरेटर काढून जेट हवेनं फुंकून घ्यायला सांगा, तार घालू देऊ नका. पितळेचं असतं, भोक मोठं झालं की कायमचं बिघडतं. तेवढ्यानं नाही भागलं तर मग पुढचं बघू.

वहिनींनी सगळं हाताच्या पंजावर पेनानं लिहून घेतलं आणि तशाच गॅरेजला गेल्या.