यादीवाल्यांनी न वाचलेलं मॅनावाका

कॅनेडियन कादंबरीकार मार्गारेट लॉरेन्स यांची जन्मशताब्दी 2026 मध्ये येते आहे, ती नेमकी अल्बर्टातल्या शालेय ग्रंथालयांना चाळणी लागल्यावर. 2025 मध्ये एडमंटनच्या शाळांनी केलेल्या, काढून टाकायच्या पुस्तकांच्या यादीत मार्गारेट ॲटवुड यांची ‘द हँडमेड्स टेल’सुद्धा होती. लॉरेन्स यांना हे नवं वाटलं नसतं. 1976 मध्ये पीटरबरो काउंटीत, म्हणजे त्या स्वतः राहत होत्या तिथेच, त्यांची ‘द डिव्हायनर्स’ ही कादंबरी शाळेतून काढा अशी ओरड झाली. 1985 मध्ये पुन्हा. पुस्तक अश्लील, देवाधर्माची निंदा करणारं, वगैरे. या मंडळींनी शब्द मोजले, पुस्तक वाचलं नाही.

त्यांची सोमालीलँड आणि गोल्ड कोस्टमधली वर्षं अभ्यासकांना लखलाभ. खरी कमाई 1964 ते 1974 ची: मॅनिटोबातल्या नीपावा या जन्मगावावरून रचलेलं मॅनावाका आणि त्याभोवतीची पाच पुस्तकं. पहिल्याच ‘द स्टोन एंजल’मध्ये नव्वदीची हेगर शिप्ली भेटते. तिच्या आईच्या थडग्यावर बापाने इटलीहून मागवलेला संगमरवरी देवदूत आहे, त्याच्या डोळ्यांत बुबुळंच कोरलेली नाहीत. हेगरचंही तेच. नवऱ्याच्या मिठीत तिला सुख मिळतं, पण ते ती त्याला आयुष्यभर कळू देत नाही. यादीवाले आधी हीच पानं काढतील. ती काढली की उरते फक्त एक खडूस म्हातारी. गर्वापायी तिने काय गमावलं याचा हिशेब त्या अंथरुणातच मांडलेला आहे.

आपल्या मुलाने काय वाचावं हे पालकांनी ठरवू नये का? जरूर ठरवावं. पण मागणी होती ती सगळ्यांच्याच मुलांच्या हातून पुस्तक काढून घेण्याची. याहून धारदार आक्षेप दुसराच आहे. ‘अ बर्ड इन द हाउस’मधली पिकेट टोनेर ही मेटी, म्हणजे आदिवासी आणि युरोपीय अशा दुहेरी वंशाची मुलगी. ती जळून मरते आणि शहाणपण येतं ते गोष्ट सांगणाऱ्या डॉक्टरच्या मुलीला. हा आक्षेप मला खोडता येत नाही. मात्र ‘द डिव्हायनर्स’मध्ये पिकेटचा भाऊ ज्यूल्स आपल्या पूर्वजांच्या लढायांच्या कथा स्वतः सांगतो आणि नायिका मोरॅगला तिला सांभाळणाऱ्या ख्रिस्टी लोगनने ऐकवलेला स्कॉटिश पराक्रम एकदम एकांगी वाटू लागतो. आधीच्या चुकीची एवढी मोठी दुरुस्ती ज्या पुस्तकात झाली, तेच शाळेबाहेर काढायचं होतं. त्या पुस्तकानंतर 1987 मध्ये मृत्यू येईपर्यंत लॉरेन्स यांची प्रौढांसाठीची एकही कादंबरी आली नाही.