पडद्याचा जुना फोटो जपून ठेवा

बाईंना पहिली शंका आली ती मोरीतल्या टाइल्समुळे. तोंड धुताना उजव्या डोळ्यात साबण गेला, म्हणून तो मिटून त्या डाव्या डोळ्याने नळ शोधत होत्या. तेव्हा दोन टाइल्समधली सरळ रेघ मधेच वाकलेली दिसली. उजवा डोळा उघडला की रेघ सरळ. पुन्हा मिटला की वाकडी.

बाई म्हणजे आमच्या वस्तीतल्या निवृत्त शिक्षिका, वय 71. त्याआधीच्या वर्षभरात त्यांच्या चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला होता. चष्म्याच्या दुकानात "मोतीबिंदूची सुरुवात असेल" असे सांगितले गेले आणि त्याही तेच धरून चालल्या. एक डोळा चांगला असला की दुसऱ्याचे दुखणे तो झाकून नेतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून पेपर वाचणाऱ्या माणसाला आपला एक डोळा मधोमध काम करेनासा झालाय हे महिनोन्‌महिने कळत नाही.

या पानाचे काम पाहणारे आम्ही दोघे बाईंना घेऊन डोळ्यांच्या रुग्णालयात गेलो. बाहुली मोठी करणारे थेंब घातले, अर्धा तास बसवले, मग ओसीटी यंत्रासमोर हनुवटी टेकवायला सांगितली. निदान झाले : वयोमानानुसार होणारी मॅक्युलाची झीज, डावा डोळा ओल्या प्रकारात. त्यानंतर डॉक्टरांनी जे विचारले त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. "याआधीचा स्कॅन आहे का?"

होता. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी असाच स्कॅन झाला होता, रंगीत कागदही मिळाला होता. तो दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेला. त्या ठिकाणी जाऊन विचारले तर यंत्र बदलले आहे, जुने काही निघणार नाही, असे उत्तर मिळाले. उपचार काही अडले नाहीत, पडद्याखाली पाणी दिसत होते म्हणून लगेच सुरू झाले. पण ते पाणी महिन्याभराचे की वर्षभराचे, आणि उजव्या डोळ्यातले पिवळे डाग दोन वर्षांत वाढले की तेवढेच राहिले, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून हा लेख.

आधी थोडे आजाराबद्दल. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा अगदी मधला भाग म्हणजे मॅक्युला. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही कामे त्याची. पन्नाशीनंतर काहींच्या पडद्याखाली चरबीसारखे पिवळट कण साचू लागतात, त्यांना ड्रुसेन म्हणतात. बारीक आणि मोजके असतील तर ते वयाचे लक्षण. मोठे आणि पुष्कळ झाले की आजार. पुढे त्याच्या दोन वाटा होतात. सुक्या प्रकारात पेशी हळूहळू मरून पडद्याला टक्कल पडल्यासारखे होते. ओल्या प्रकारात पडद्याखाली नाजूक, गळक्या रक्तवाहिन्या उगवतात, त्यांतून पाणी आणि रक्त झिरपते आणि काही आठवड्यांत नजर जाऊ शकते. दोन्ही प्रकारांत माणूस पूर्ण आंधळा होत नाही, कडेचे दिसत राहते. पण पुस्तक वाचणाऱ्याचे पुस्तक जाते.

हे सगळे डोळ्यात डोकावून दिसते, पण डोकावून पाहिलेले लक्षात किती राहणार? फोटो राहतो. पडद्याच्या साध्या रंगीत फोटोवर केवढे काम झाले आहे, त्याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथे 1992 पासून 55 ते 80 वयाच्या 4,757 लोकांच्या डोळ्यांचे फोटो वर्षानुवर्षे काढले गेले आणि विस्कॉन्सिनमधल्या एका केंद्रात ते तपासले गेले. त्यातून 2005 साली एक सोपी गुणपद्धत निघाली. प्रत्येक डोळ्याला दोन प्रश्न विचारायचे. मोठा ड्रुसेन आहे का? पडद्याच्या रंगद्रव्यात फरक पडला आहे का? प्रत्येक होकाराला एक गुण, दोन्ही डोळ्यांचे मिळून जास्तीत जास्त चार. (एका डोळ्यात आजार आधीच पुढे गेला असेल तर त्या डोळ्याचे दोन गुण धरायचे.) मोठा म्हणजे किती, तर 125 मायक्रॉन, साधारण डोळ्याच्या नसेपाशी निघणाऱ्या शिरेच्या जाडीएवढा. पुढच्या पाच वर्षांत आजार बळावण्याची शक्यता ढोबळमानाने अशी : शून्य गुणाला अर्धा टक्का, एकाला 3, दोनला 12, तीनला 25 आणि चारला 50 टक्के. बाईंचे गुण तीन भरले. डाव्याचे दोन, उजव्यात मोठे ड्रुसेन म्हणून एक. उजव्या डोळ्याकडे डॉक्टर एवढे लक्ष का देतात, ते आम्हाला तेव्हा समजले.

साधा फोटो समोरून दिसते तेवढेच दाखवतो. ओसीटी पडद्याचा उभा काप दाखवते, बर्फी सुरीने कापल्यावर थर दिसावेत तसा. तत्त्व सोनोग्राफीसारखेच, फक्त आवाजाऐवजी प्रकाश. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधकांनी ते 1991 मध्ये जगापुढे आणले. यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही, डोळ्याला स्पर्शही नाही. मॅक्युलाच्या मध्यभागी पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाड, त्यातले काही मायक्रॉनचे फरकही या यंत्राला कळतात. ड्रुसेन म्हणजे तळच्या थरावरचे उंचवटे, आणि पाणी म्हणजे काळी पोकळी. एकदा समजावून घेतले की घरच्या माणसालाही ती पोकळी ओळखता येते.

सुक्या प्रकारात मेलेला भाग किती पसरला हे पाहायला वेगळा फोटो काढतात, त्यात निळ्या प्रकाशात जिवंत पेशींचा थर उजळतो आणि मेलेला काळा दिसतो. त्या काळ्या डागाचे क्षेत्रफळ दर वेळी मोजतात. आणखी एक जुनी तपासणी म्हणजे हातातल्या शिरेत रंग टोचून काढलेले फोटो. ती 1961 साली अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी, त्यातल्या एकाच्याच डोळ्यावर प्रयोग करून, दाखवून दिली. हल्ली तिची गरज दर वेळी लागत नाही, पण आपल्यासारख्या आशियाई लोकांत रक्तवाहिन्यांना फुगे येणारा एक उपप्रकार जास्त आढळतो आणि तो पकडायला हिरव्या रंगाची अशीच तपासणी करावी लागते. साध्या पिवळ्या रंगानंतर लघवी दिवसभर नारिंगी होते, घाबरू नये. कशाची ॲलर्जी असेल तर मात्र आधीच सांगावे.

आता तुलनेबद्दल. पडद्याची जाडी सगळ्या यंत्रांत सारखी भरत नाही, कारण कोणते यंत्र कोणत्या थरापर्यंत मोजते ते ठरलेले असते. अगदी जुन्या पद्धतीच्या आणि नव्या पद्धतीच्या यंत्रांत एकाच डोळ्याचे माप 60-70 मायक्रॉनने वेगळे येऊ शकते. म्हणजे डोळा तोच, आजार तेवढाच, आणि कागदावर सूज वाढल्यासारखी दिसते. शक्य तोवर एकाच ठिकाणी, एकाच यंत्रावर जावे. काही यंत्रे मागच्या वेळच्या रक्तवाहिन्या ओळखून नेमक्या त्याच जागेचा काप घेतात, हा लाभ जागा बदलली की जातो. बदलावीच लागली तर निघताना स्कॅन मागून घ्या. हातात मिळणाऱ्या कागदावर दोन-चारच काप असतात, यंत्राने मात्र डझनावारी घेतलेले असतात. सगळे काप पेनड्राइव्हवर द्याल का, असे विचारायला लाजू नये. कागदाचा मोबाईलवर फोटो काढून मुलांकडेही पाठवून ठेवावा.

ओल्या प्रकारावर डोळ्यात द्यायची इंजेक्शने आहेत. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ती घेणाऱ्यांपैकी सुमारे 95 टक्के लोकांची नजर वर्षभर टिकली, म्हणजे तक्त्यावरची 15 अक्षरे गमावण्याइतकी खालावली नाही. न घेणाऱ्यांत हे प्रमाण 62 टक्के होते. इंजेक्शनांच्या किमतीत मोठा फरक आहे. मूळ कर्करोगासाठी निघालेले एक स्वस्त औषध महागड्या औषधाइतकेच चालते, असे 2011 च्या तुलनात्मक चाचणीत दिसले, तेव्हा पैशाची अडचण डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी. खरी अडचण वेगळीच. दोन-तीन इंजेक्शनांनी बरे वाटते आणि माणूस जायचे थांबतो.

बाईंचेही तेच व्हायचे होते. दर महिन्याला एक अशी तीन झाल्यावर पोकळी नाहीशी झाली. मग अंतर सहा आठवडे, आठ आठवडे असे वाढवत नेले. दहा आठवड्यांनी गेल्या तेव्हा बाई म्हणाल्या, "आता कशाला? मला चांगलं दिसतंय." तक्त्यावर त्यांनी मागच्याइतकीच ओळ वाचली. स्कॅनमध्ये मात्र बारीक काळी फट परतलेली होती. मागचा काप शेजारी ठेवून डॉक्टरांनी ती दाखवली आणि अंतर पुन्हा आठ आठवड्यांवर आणले. नजरेला कळायच्या आधी ते चित्रात दिसले.

सुक्या प्रकाराच्या मधल्या टप्प्यात जस्त, तांबे, क आणि ई जीवनसत्त्व, ल्युटीन व झियाझँथिन यांच्या ठराविक मात्रेच्या गोळ्या उपयोगी पडतात, पण आजार नसलेल्याने त्या "डोळ्यांची ताकद" म्हणून खाण्यात अर्थ नाही. विडी-सिगारेट मात्र आजच सोडावी, ती हा आजार वाढवते याबद्दल शंका उरलेली नाही.

घरी करायची गोष्ट एकच. मुलांची चौकटीची वही घ्या, मधे ठळक टिंब काढा, वाचायचा चष्मा लावून हातभर अंतरावर धरा आणि एकेक डोळा झाकून टिंबाकडे पाहा. रेघा वाकल्या, तुटल्या किंवा मधे डाग आला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. ओसीटीच्या आधी हा कागद आहे, ओसीटीच्या ऐवजी नाही.

बाईंचा पुढचा स्कॅन पुढच्या महिन्यात आहे. थेंबांमुळे तीन-चार तास अंधुक दिसते, म्हणून आमच्यातले कोणीतरी सोबत जाईल. उजव्या डोळ्याचे कागद त्यांनी फाईलमध्ये वेगळ्या खणात ठेवले आहेत, वर लाल पेनाने लिहून : "रद्दीत देऊ नये."