रिकाम्या डब्याची परतीची वाट

दसरा उलटला की यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात कापसाच्या वेचणीला जोर चढतो. उन्हं वर यायच्या आत बायका ऑटोत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीनं बसून शेताची वाट धरतात. प्रत्येकीजवळ दोन वस्तू हमखास असतात: स्टीलचा डबा आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पाण्याची कॅन. संध्याकाळी त्याच ट्रॉलीत कापसाची गाठोडी चढतात, गाठोड्यांवर बायका चढतात आणि डबा रिकामा झालेला असूनही सकाळइतकीच जागा अडवून बसतो. जेवणारीच्या लेखी त्याचं काम दुपारीच आटोपलेलं असतं. वाहून नेणारीच्या लेखी मात्र अर्धी मजल अजून बाकी असते.

प्रवासाची भांडी घडवणाऱ्यांचं कसब लागतं ते या उरलेल्या अर्ध्या मजलेत. अन्न न सांडता पोचवायचं, हा प्रश्न माणसानं केव्हाच सोडवला. अन्न संपल्यावर भांड्यानं आकसावं कसं, निदान दुसऱ्या कामाला यावं कसं, हा प्रश्न अजूनही पुरता सुटलेला नाही. एकदा वापरून फेकायच्या वस्तूंनी बाजी मारली ती याच फटीतून.

पळसाची पत्रावळ आठवून पाहा. यवतमाळच्या रानात पळस मुबलक. चार पानं काडीनं टाचली की ताट तयार, दोन पानं वळवली की द्रोण. जेवण झालं, उचललं, उकिरड्यावर टाकलं. परतीचं ओझं शून्य, आणि पानाचं खत होतं ते वेगळंच. थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकचे पेले आले तेव्हा लोकांनी त्यांच्याकडे पत्रावळीचाच धाकटा भाऊ म्हणून पाहिलं. फेकायची सवय जुनीच होती, फक्त वस्तू कुजेनाशी झाली. महाराष्ट्र सरकारनं २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून अशा ताटल्या, पेले, चमचे बंद केले आणि १ जुलै २०२२ पासून केंद्राची बंदी देशभर लागू झाली. तरी महाप्रसादाच्या दुसऱ्या दिवशी देवळामागं काय साठलेलं असतं, ते सांगायला नको. बंदीनं वस्तू कागदोपत्री गेली, तरी रिकाम्या हातानं घरी जाण्याची सोय हवीशीच राहिली.

जुन्या लोकांनी या प्रश्नाला हात घातला तो आधी अन्नापासून. प्रवासाला निघताना पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवून दशम्या करायच्या, म्हणजे त्या वातड न होता टिकतात. सोबत कोरडा झुणका, जवसाची चटणी, ठेचा, कांदा. यात पातळ काहीच नाही, तेव्हा घट्ट झाकणाची गरजच नाही. एक फडकं पुरतं. जेवण झालं की ते झटकायचं आणि डोक्याला बांधायचं. भाकरीचा तुकडा चमच्याचं काम करतो, अख्खी भाकरी ताटलीचं. परदेशी गिर्यारोहकांसाठी चमचा आणि काटा एकत्र करून बनवलेलं अवजार आता ऑनलाइन मागवता येतं, पण झुणका-भाकरीपुढं त्याला काही काम नाही. बोटं धुवायला ओंजळभर पाणी असलं की झालं.

फडक्याइतकंच हलकं उत्तर वऱ्हाडानं आणखी एक दिलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, गावोगाव फिरले ते एका हातात झाडू आणि फुटक्या गाडग्याचं खापर घेऊन. त्यातच ते जेवत, त्यातच पाणी पीत आणि चालताना तेच डोक्यावर घालत. एक वस्तू आणि तीन कामं. रिकाम्या भांड्यानं परतीच्या वाटेवर काय करावं, तर उन्हापासून डोकं राखावं. बाबांनी हे वैराग्यापोटी केलं, वस्तू घडवण्याचा विचार त्यात नव्हता हे खरंच. पण प्रवासी भांड्यांचा आराखडा करायला बसलेल्या कुठल्याही विद्यार्थ्यानं ते खापर आधी नजरेसमोर ठेवावं.

दुसरं उदाहरण छागलीचं. जाड कॅनव्हासच्या कापडाची ही पिशवी बैलगाडीला, पुढं ट्रकलाही टांगलेली दिसायची. पाणी भरलं की कापड फुगतं, धागे ओले होतात आणि अंगातून पाणी पाझरून वाऱ्यावर उडून जातं. जाताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे बाहेरून उष्णता आत आलीच नाही असं धरलं, तर पाच लिटर पाणी दहा अंशांनी गार करायला नव्वद मिलिलिटरसुद्धा पुरे. कोकणातल्या दमट हवेत ही युक्ती फिकी पडते, विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र ती मनापासून चालते. रिकामी झालेली छागल वाळली की घडी करून कुठंही खुपसता येते. आज वेचणीच्या कॅनला गुंडाळलेलं ओलं गोणपाट हीच विद्या वापरतं. त्यात फक्त घडी हरवली आहे.

भारदस्त उत्तर म्हणजे फिरकीचा तांब्या. पितळेचा गोल पोटाचा तांब्या, गळ्याला बाहेरून आटे, त्यावर फिरवून बसवायचं झाकण आणि झाकणालाच उचलायची कडी. तो जुन्या घरात सापडला तर झाकण उघडून आटे जरूर पाहावेत. ते मोजके, जाड आणि चांगले खोल असतात. बारीक आट्यांत रेती किंवा वाळलेलं दूध अडकलं की झाकण आवळून बसतं. जाड आटे घामेजल्या हातानंही सुटतात आणि राखेनं घासता येतात. झाकण आणि गळा दोन्ही पितळेचेच, त्यामुळं उन्हात तापले तरी सारखेच फुगतात. पोट गोल असल्यानं आत कोपरा नाही, घाण साठायला जागा नाही. वजन कडीतून सरळ खाली पडतं, म्हणून चालताना तो फारसा हिंदकळत नाही. त्याचे अवगुणही सांगायला हवेत. तो जड आहे, त्याला आतून कल्हई लागते, आणि रिकामा झाला तरी तसूभरही लहान होत नाही. त्या काळी हे चालून जायचं, कारण वाटेत विहीर होती, पाणपोई होती. तांब्या रिकामा राहायचाच कमी.

पाणपोई हा प्रवासी भांड्याचाच एक भाग आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. दर पाच कोसांवर रांजण असेल तर शेरभराचा तांब्या पुरतो. नसेल तर कळशी न्यावी लागते. १९६९ साली पार्लेनं बिसलेरी विकत घेतली आणि पुढच्या काही दशकांत एसटी स्टँडावरच्या पाणपोया ओस पडत गेल्या. नागपूर-हैदराबाद महामार्गावर वडकीला गाडी थांबली की आज पाण्याची बाटली विकत मिळते. घरून आणलेली बाटली भरून घेण्याची जागा मात्र विचारत फिरावं लागतं. मग ती बाटली कितीही सुबक असो, परतीच्या वाटेवर ती लोढणंच होते.

तांब्या-लोट्याच्या या घडणीवर जगप्रसिद्ध जोडप्याची नजर पडली होती. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी वस्तूकार भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथं फिरले आणि १९५८ साली त्यांनी अहवाल दिला. त्याच्याच पायावर १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या वस्तूंत त्यांना सगळ्यात थोर वाटला तो साधा लोटा. त्याची तारीफ करून ते थांबले नाहीत. असा लोटा नव्यानं घडवायचा तर काय काय तपासावं लागेल, याची यादीच त्यांनी दिली. त्यात पाणी किती, उचलणार कोण, डोक्यावर की कमरेवर, धुवायचा कसा, हे आहेच. पण भांडं भरलेलं असताना आणि रिकामं असताना तोल कुठं राहतो, हेही आहे. कारखान्यातल्या कागदावर नेमका हाच रकाना कोरा राहतो.

आता मुंबईच्या डब्याकडे यावं लागतं. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या डबे पोचवण्याच्या या धंद्याचं कौतुक वेळेच्या हिशेबासाठी होतं, झाकणावरच्या खुणांसाठी होतं. करोनापूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवत. परदेशी पाहुण्यांना सकाळची धावपळ दाखवतात. खरी करामत दुपारची असते, कारण तेव्हा प्रत्येक रिकामा डबा त्याच खुणेच्या आधारानं ज्याच्या त्याच्या घरी परत जातो. इथं भांड्यानं आकसण्याची गरज उरत नाही, कारण परत नेणं हे कुणाच्या तरी पगाराचं काम आहे. साहेब लोकलला मोकळ्या हातानं लटकू शकतो.

तो उभा, कडीचा डबाही बारकाईनं पाहण्याजोगा. वरच्या कप्प्याचा तळ हेच खालच्या कप्प्याचं झाकण; तीन कप्प्यांना मिळून झाकण एकच. पण याच युक्तीत एक पेच आहे. कप्पे एकावर एक नीट बसावेत म्हणून त्यांच्या भिंती सरळ ठेवल्या, की ते एकात एक शिरत नाहीत. भिंती तिरक्या केल्या तर वाट्यांसारखे एकात एक जातील, पण मग मावतं कमी आणि मनोरा डुगडुगतो. डब्याच्या कारागिरांनी सरळ भिंत निवडली. मुंबईला ते ठीकच होतं. राळेगावच्या ट्रॉलीत ते ठीक नाही.

हल्ली यावर सिलिकॉनचं उत्तर आलं आहे. दाबला की चपटा होणारा डबा, बोटभर जाडीचा पेला. सिलिकॉन उकळत्या पाण्याला दाद देत नाही, फुटत नाही, वजनालाही हलकं. चहा-पाण्याला, सुक्या खाऊला उत्तमच. पण त्यात वांग्याची तर्री असलेली भाजी भरून पाहावी. हळदीतला रंग तेलात विरघळतो आणि तेल सिलिकॉनला धरून बसतं. दोन-चार वेळांत डबा कायमचा पिवळा. घड्यांच्या खाचांत मसाला बसतो तो शेतातल्या तांब्याभर पाण्यानं निघत नाही. हे डबे घडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कार्यालयातलं कोशिंबिरीचं जेवण असावं.

त्या मानानं स्टीलचा तोडगा रांगडा, पण भरवशाचा. ॲल्युमिनियम स्टीलच्या तिसऱ्या हिश्शाइतकंच भरतं, पण ताक-चिंचेनं झिजतं. पितळेला कल्हईवाला हवा, आणि तो आता वर्षा-दोन वर्षांनीही गावात फिरकत नाही. स्टीलचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरवर आणला तरी आकार धरतो, आंबटाला भीत नाही, मातीनं घासलं तरी चालतं. आणि स्टीलचा रिकामा डबा बायांनी कधी खरोखर रिकामा येऊ दिलेलाच नाही. कापसात तुरीचं आंतरपीक असतं. डिसेंबरात ओल्या शेंगा भरतात तेव्हा संध्याकाळी डब्यात शेंगा येतात, बांधावरची बोरं येतात. आकसण्याला हाही एक पर्याय आहे.

पुन्हा वापरायचं म्हणून कुठलंही भांडं चालत नाही, हे या जिल्ह्यात ठासून सांगावं लागतं. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती विषबाधा फवाऱ्याची होती. पण कीटकनाशकाची चांगल्या जाड प्लास्टिकची, घट्ट बुचाची कॅन रिकामी झाली की ती धुऊन पाण्याला घ्यायचा मोह शेतावर होतोच. प्लास्टिक औषधाचा अंश धरून ठेवतं. तीनदा विसळूनही ती पिण्याच्या पाण्यासाठी कामाची नाही. तिला भोक पाडून बाद करायचं असतं, ते एवढ्यासाठीच.

मग वेचणीला जाणारीसाठी डबा घडवायचाच तर कसा? रुंद तोंडाचा, आत कोपरा नसलेला. भाजीची वाटी आत बसणारी, तिचं झाकण पालथं घातलं की ताटली व्हावी. कडी अशी की ओटी बांधलेल्या कमरेला अडकवता यावी. पेला डब्याच्या बुडाशी बाहेरून चिकटून बसावा, वेगळा सांभाळावा लागू नये. यातलं काहीही भांड्यांच्या कारखान्याला अवघड नाही. किंमत मात्र वेचणीच्या एका दिवसाच्या मजुरीवर गेली की तो डबा राळेगावच्या बाजारात पडून राहील.

आणि रिंग. हवाबंद म्हणवणाऱ्या डब्यांचा जीव झाकणातल्या रबराच्या नाहीतर सिलिकॉनच्या रिंगेत असतो. ती सैल पडली, चिरली किंवा धुताना मोरीत गेली की चांगला जाडजूड डबा गळका ठरून माळ्यावर जातो. कुकरची रिंग तालुक्याच्या गावी भांड्यांच्या दुकानात भिंतीला टांगलेली असते. दोन लिटरची, तीन लिटरची, पाच लिटरची, माप सांगितलं की मिळते. डब्यांच्या रिंगेला असं ठरलेलं मापच नाही. प्रत्येक कंपनीचा घेर वेगळा, खाच वेगळी, आणि दुकानदार नवा डबाच पुढं करतो.